तमालपत्र, मँड्रेक आणि चेटकिणीचं मलम

परवा भाची हॉस्टेलवरून घरी आली आणि रात्री साडेदहाला मसाल्याचा डबा उघडून बसली. मला वाटलं मॅगी करतेय, तर नाही, तमालपत्र शोधत होती. त्यावर स्केचपेनने इच्छा लिहायची आणि पान जाळायचं की इच्छा पूर्ण होते, असं रीलमध्ये बघितलं म्हणे. शिवाय बॅगेत एक काचेची बाटली, तिच्यात रोझमेरी, दालचिनी, मीठ, गुलाबाच्या पाकळ्या भरून वरून मेण ओतलेलं. त्याला 'स्पेल जार' म्हणतात, म्हणजे मंतरलेली बाटली. मी विचारलं हे काय चाललंय, तर म्हणाली, "मावशी, हे पेगन आहे, खूप एन्शंट आहे, तुला नाही कळणार."

मला नाही कळणार म्हटल्यावर मी काय, आठवडाभर तेच वाचत बसले. आणि विषय निघाला भलताच रंगतदार, फक्त रीलमध्ये सांगतात तसा नाही.

पहिली गंमत त्या पानाचीच. युरोपातले लोक ज्याला बे लीफ म्हणतात ते लॉरेल नावाच्या झाडाचं पान, ग्रीक देव अपोलोचं लाडकं झाड, डेल्फीच्या देवळात भविष्य सांगणाऱ्या बाईशी जोडलेलं. आपलं तमालपत्र ते नव्हे. आपलं दालचिनीच्या जवळचं, पानावर देठापासून टोकाकडे तीन शिरा जातात, लॉरेलला मधोमध एकच शीर असते. दोन्ही एकाच कुळातली खरी, पण लांबची चुलत भावंडं. थोडक्यात पोरीचा मंत्र पहिल्याच पायरीला चुकलेला. तिला सांगितलं तर म्हणते, "इन्टेन्शन महत्त्वाचं असतं."

## पेगन म्हणजे नक्की कोण

लॅटिनमध्ये 'पागानुस' म्हणजे खेड्यातला, गावाकडचा माणूस. रोमन साम्राज्यात ख्रिश्चन धर्म शहरांत आधी पसरला, आणि जे जुन्याच देवांना धरून होते त्यांना हा शब्द चिकटला, म्हणजे नाव दुसऱ्यांनी ठेवलेलं आणि तेही जरा नाक मुरडून, गावंढळ म्हणतो तसं. त्यामुळे 'पेगन धर्म' असा एक धर्म कधी नव्हताच. ग्रीक वेगळे, रोमन वेगळे, उत्तरेकडचे ओडिनला मानणारे वेगळे, आयर्लंडकडचे केल्ट वेगळे. मुंबईतल्या माणसाने कोकणातल्या, खानदेशातल्या, विदर्भातल्या सगळ्यांना सरसकट 'गाववाले' म्हणावं आणि मग 'गाववाल्यांची प्राचीन परंपरा' म्हणून पुस्तक काढावं, तसला प्रकार आहे हा.

आणि शुद्ध पेगन असं फारसं हाताला लागतच नाही, कारण जे लिहून ठेवलं ते बहुतेक ख्रिश्चन काळात. सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे जुन्या इंग्रजीतला नऊ वनस्पतींचा मंत्र, साधारण हजार वर्षांपूर्वीच्या एका हस्तलिखितात आहे, ते आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असतं. विष उतरवायचा मंत्र आहे. त्यात वोडन देव सापाला मारतो आणि त्याच मंत्रात ख्रिस्ताचंही नाव येतं, कुणाला काही विचित्र वाटत नाही. आणि त्या नऊ वनस्पती कोणत्या, तर अंगाला लागली की खाज सुटणारी नेटल आहे, रस्त्याकडेला उगवणारं प्लँटेन आहे, चक्क बडीशेप आहे! सगळ्यात पहिलं नाव मगवर्टचं, आणि मगवर्ट म्हणजे आपल्या दवण्याच्या जातीतली वनस्पती, तोच दवणा जो चैत्रात जोतिबाला वाहतात. हे वाचलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं.

त्या मंत्राची शेवटची सूचना बघा. प्रत्येक वनस्पतीवर तीनदा मंत्र म्हणा, मग रोग्याच्या तोंडात, दोन्ही कानांत आणि जखमेवर म्हणा, मग मलम लावा. आपल्याला हे नुसतं कर्मकांड वाटतं, पण घड्याळ नसलेल्या स्वयंपाकघरात वेळ कशी मोजायची? युरोपातल्या जुन्या पाककृतींत आणि औषधांत 'एक प्रार्थना म्हणून होईपर्यंत उकळा' असं सरळ लिहिलेलं असतं. आपण नाही का म्हणत, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. म्हणजे मंत्राचं काम तेवढंच होतं असं नाही, पण तेही एक काम होतं असा माझा अंदाज.

## चेटकिणीची म्हणून तीच चार झाडं का

आता मुख्य मुद्दा. जंगलात हजारो झाडं, पण 'चेटकिणीची झाडं' म्हटलं की तीच तीच नावं येतात: मँड्रेक, बेलाडोना, हेनबेन, मंक्सहूड, नंतर त्यात धोतराही आला. हेनबेन म्हणजे आपल्याकडे खुरासानी ओवा म्हणतात ते, आणि मंक्सहूड आपल्या बचनागाच्या कुळातलं. यातलं मंक्सहूड सोडलं तर बाकी सगळी वांग्या-बटाट्याच्या खानदानातली. म्हणजे टोमॅटो, मिरची, वांगं हे घरातले सज्जन भाऊ आणि ही मंडळी वाया गेलेली.

या वाया गेलेल्या चौघांच्या पोटात अल्कलॉइड असतात. अल्कलॉइड म्हणजे झाडाने बहुतेकदा स्वतःला कुणी खाऊ नये म्हणून बनवलेलं कडू रसायन, चहा-कॉफीतलं कॅफिनही त्यातलंच. यांच्यातल्या रसायनांची नावं ॲट्रोपिन, स्कोपोलामिन वगैरे. ती शरीरात काय करतात ते कुलूप-किल्लीने सांगते. आपल्या नसा अवयवांना निरोप देतात तो एका रसायनाच्या किल्लीने, किल्ली कुलपात फिरली की लाळ सुटते, डोळ्याची बाहुली लहान होते, ठोके सावकाश पडतात. ॲट्रोपिन काय करतं, तर त्याच कुलपात न फिरणारी किल्ली घुसवून ठेवतं. मग खरी किल्ली आत जातच नाही. तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, हृदय धडधडत सुटतं, अंग तापतं, आणि जास्त झालं की माणूस समोर नसलेल्या माणसांशी बोलायला लागतो, नंतर त्याला त्यातलं काही आठवतही नाही. हे बघून जुन्या काळचा माणूस काय म्हणेल? अंगात आलं, दुसरं काय.

बेलाडोना हे नावच इटालियन, अर्थ सुंदर स्त्री, कारण तिकडच्या बायका त्याच्या रसाचे थेंब डोळ्यात घालून बाहुल्या मोठ्या करायच्या म्हणे, डोळे टपोरे दिसावेत म्हणून. आणि शास्त्रज्ञांनी झाडाला जे नाव ठेवलं, ॲट्रोपा, ते आयुष्याचा धागा कापणाऱ्या ग्रीक देवीवरून. एकाच झाडाच्या नावात सौंदर्य आणि मरण दोन्ही, आणि मधलं अंतर काही थेंबांचं.

हे अंतरच सगळ्या भानगडीचं मूळ आहे असं माझं मत झालंय. पावशेर हिरव्या मिरच्या आणा, त्यातली एक काकडीसारखी लागते आणि दुसरी कानातून धूर काढते, दिसायला दोन्ही सारख्या. या झाडांचंही तसंच, मुळात किती, पानात किती, पावसानंतर किती, जुन्या झाडात किती, काही भरवसा नाही. फक्त मिरचीवर गूळ खाता येतो. इथे काल ज्या मापाने दुखणं थांबलं त्याच मापाने आज माणूस दगावू शकतो, करणारा तोच, हात तोच, झाडही तेच. मग त्याने काय समजायचं? की आपण काहीतरी चुकलो, मुहूर्त चुकला, झाड रागावलं.

मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ शंभर वर्षांपूर्वी पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला होता, त्याने एक साधी गोष्ट टिपली. तिथले लोक शांत खाडीत मासे धरताना जादूबिदू काही करायचे नाहीत, कारण तिथे मासा मिळणार हे ठरलेलं. खोल समुद्रात जायचं असलं, जिथे वादळ यायचं आणि परत येऊ की नाही माहीत नाही, तिथे मात्र भरपूर जादू. आपले कोळी बांधवही नारळ खवळलेल्या समुद्राला वाहतात, गावच्या तळ्याला नाही. झाडांच्या बाबतीत पुदिना म्हणजे खाडी आणि बेलाडोना म्हणजे खोल समुद्र.

## मँड्रेक किंचाळतं, ही अफवा कुणी सोडली

मँड्रेक भूमध्य समुद्राकडचं झाड, जाड मूळ, बऱ्याचदा खाली दोन फाटे फुटलेले, म्हणजे माणसाचे दोन पाय वाटावेत असे. त्यामुळे लोकांनी त्याला माणूसच करून टाकलं. उपटलं की ते किंचाळतं आणि ऐकणारा मरतो, म्हणून मुळाला कुत्रा बांधायचा, लांब उभं राहून कुत्र्याला बोलवायचं, कुत्रा ओढतो, कुत्रा मरतो, मूळ आपलं. कुत्र्याची ही युक्ती पहिल्या शतकातल्या जोसेफस या इतिहासकाराने एका मुळाबद्दल लिहून ठेवलीय, पुढे ती मँड्रेकला कायमची चिकटली. त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रास्टस सांगतो की लोक मँड्रेकभोवती तलवारीने तीन रिंगणं आखतात आणि पश्चिमेकडे तोंड करून कापतात. आणि गंमत म्हणजे असल्या सूचना जरा फुगवलेल्या आहेत असं तो स्वतःच म्हणतो. तेवीसशे वर्षांपूर्वीचा माणूस, आणि त्याला पटत नव्हतं! आपण मात्र आज फॉरवर्ड करतोय.

मला यात धंद्याचा वास येतो. दुर्मिळ आणि महाग मूळ, खोदणारे मोजके, त्यांना इतरांनी हात लावू नये असं वाटणारच ना. सोळाव्या शतकात मातिओली नावाच्या इटालियन वैद्याने तर बनावट मँड्रेकचा कारखानाच उघडा पाडला: ब्रायनीसारख्या स्वस्त वेलीचं मूळ कोरून बाहुला करायचा, जिथे केस हवेत तिथे बारीक धान्य खोचायचं, परत मातीत पुरायचं, कोंब फुटले की झाली दाढी. आणि हे मूळ जवळ असणं म्हणजे गंमत नव्हती, १४३१ साली जोन ऑफ आर्कवर खटला चालला तेव्हा 'तुझ्याकडे मँड्रेक होतं' हाही आरोप होता. तिने साफ नाकारला.

## म्हणजे चेटकिणी मलम लावून उडायच्या की नाही

हा प्रश्न भाचीनेही विचारलाच. कथा अशी की चेटकिणी अंगाला मलम चोपडायच्या आणि झाडूवर बसून उडत जायच्या. १५४५ च्या आसपास मेट्झ शहराकडे अँद्रेस लगूना नावाचा स्पॅनिश डॉक्टर होता. जादूटोण्याच्या आरोपावरून पकडलेल्या एका जोडप्याच्या घरात हिरव्या मलमाची बरणी सापडली, वासावरून त्याने ओळखलं की यात हेनबेन, मँड्रेक वगैरे मंडळी आहेत. गावच्या फाशी देणाऱ्याची बायको झोप येत नाही म्हणून हैराण होती, याने तिला ते मलम डोक्यापासून पायापर्यंत लावलं. (आज कुठल्याही डॉक्टरने असं केलं तर लायसन्स जाईल.) बाई छत्तीस तास झोपली, आणि उठवल्यावर चिडली, की मी किती सुखात होते, कशाला उठवलंत. नवऱ्यालाही तिने ऐकवलं की तुझ्यापेक्षा तरुण माणूस भेटला होता मला.

म्हणजे लगूनाचं म्हणणं, बायका उडत नव्हत्या, अंथरुणात पडून उडल्याचं स्वप्न बघत होत्या. आणि कातडीतून औषध आत जातं हे अगदी खरंय, बोटीच्या प्रवासात मळमळू नये म्हणून परदेशात कानामागे चिकटवायचा पॅच मिळतो त्यात हेच स्कोपोलामिन असतं.

पण इथे एक ब्रेक लावते. असल्या मलमांच्या रेसिपी आपल्याला मिळतात त्या शिकलेल्या पुरुषांच्या पुस्तकांत, आणि चेटकिणींचे कबुलीजबाब आहेत ते छळ करून घेतलेले. त्यामुळे 'सगळ्या चेटकिणी नशेत होत्या' हेही तितकंच फेकलेलं वाक्य आहे. मलम असतील, थोड्या जणींकडे. खटले झाले ते बहुतेक शेजाऱ्याची गाय आटली, पोर आजारी पडलं, असल्या कारणांवरून.

## "झाडपाला जाणणाऱ्या बायकांनाच जाळलं ना?"

हे रीलमध्ये ठासून सांगतात, वर नव्वद लाख हा आकडाही देतात. तो आकडा अठराव्या शतकात एका जर्मन माणसाने थोड्याशा नोंदींवरून गुणाकार करून काढलेला. इतिहासकारांचा आजचा अंदाज साधारण ४०,००० ते ६०,००० माणसं, मुख्यतः पंधरावं ते अठरावं शतक. नव्वद लाख नाहीत म्हणून ते भयंकर नव्हतं असं नाही, पन्नास हजार जीव म्हणजे आपलं एखादं तालुक्याचं गाव संपूर्ण. मारलेल्यांत साधारण तीन चतुर्थांशांहून जास्त बायका, पण सगळीकडे नाही, आइसलँडमध्ये तर बहुतेक पुरुष होते. आणि वैदू बायका, सुइणी हा त्यांच्यातला छोटा भाग. उलट गावातले जाणते लोक, ज्यांना इंग्लंडमध्ये 'कनिंग फोक' म्हणायचे, ते कित्येकदा 'तुझ्यावर अमकीने करणी केलीय' असं सांगणाऱ्यांच्या बाजूला असायचे.

## मग विक्का हा प्राचीन धर्म नाही?

नाही. सॉरी. विक्का हा आजचा पेगन धर्म इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यात जेराल्ड गार्डनर नावाच्या माणसाने पुढे आणला, मलायामध्ये कस्टम खात्यात नोकरी करून रिटायर झालेला गृहस्थ. १७३५ चा जादूटोणा कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्याचं पुस्तक आलं. म्हणजे वयाने हा धर्म आपल्या दूरदर्शनपेक्षा थोडासाच मोठा. त्यात जुन्या गोष्टी घेतल्यात, पण घेतल्यात. माझ्या मते त्याने काही बिघडत नाही, लोक ऋतू पाळतात, झाडांवर प्रेम करतात, छान आहे, फक्त 'हजारो वर्षांची अखंड परंपरा' म्हणू नये.

खरी जुनी गोष्ट हवी असेल तर डेन्मार्ककडची एल्डर झाडाची आहे. त्यात एक म्हातारी आई राहते असं मानायचे आणि तिला विचारल्याशिवाय फांदी तोडायची नाही. माझी आजी तिन्हीसांजेनंतर तुळस तोडू द्यायची नाही, झाड झोपलंय म्हणायची. आजी काही डेन्मार्कला गेली नव्हती.

## मंत्र गेला आणि तराजू आला

आता परत डोसकडे. इंग्लंडमध्ये फॉक्सग्लोव्ह नावाचं फूलझाड आहे, उंच दांड्यावर जांभळ्या टोप्यांसारखी फुलं, पऱ्यांचं झाड म्हणून प्रसिद्ध. अठराव्या शतकात विल्यम विदरिंग या डॉक्टरकडे श्रॉपशायरच्या एका म्हातारीचा घरगुती उपाय आला, अंगावर सूज चढते, पाणी साठतं त्या आजारावरचा. वीसेक झाडपाल्यांचं मिश्रण. विदरिंगने ओळखलं की काम करतंय ते फॉक्सग्लोव्ह. (त्या म्हातारीचं 'मदर हटन' हे जे नाव सांगतात ते १९२८ च्या एका औषधाच्या जाहिरातीत जन्मलं, मूळ नोंदीत नाव नाहीच. बायकांची नावं लिहून ठेवायची कुणाला पडलेली.)

पण त्याची खरी कामगिरी ओळखण्यात नाही. त्याने वर्षानुवर्षं मोजलं. मुळाऐवजी पान घ्यायचं, फुलोऱ्याच्या वेळचंच घ्यायचं, वाळवून पूड करून वजन करायचं, थोड्यापासून सुरू करायचं, कुठल्या रोग्याला काय झालं, कोण दगावलं, हेही लिहायचं. १७८५ मध्ये त्याने ते छापलं. त्या जातीच्या झाडातून मिळणारं डिगॉक्सिन आजही हृदयाच्या रोग्यांना देतात. म्हणजे 'अमक्याच दिवसांत तोडा' ही अट राहिलीच की! फक्त आता तिचं कारण पौर्णिमा नव्हतं.

बेलाडोनाचंही तेच झालं. १८३० च्या दशकात त्यातून ॲट्रोपिन वेगळं काढलं, आणि ते आपल्या किती जवळ आलंय बघा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कितीतरी शेतकऱ्यांना विषबाधा झाली, काही दगावले. अशा फवाऱ्यांतली ऑरगॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं शरीरात किल्ल्यांचा नुसता पूर आणतात, लाळ थांबत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत पाणी. त्यावर दवाखान्यात पहिलं इंजेक्शन कुठलं देतात? ॲट्रोपिन. कुलपं अडवून ठेवणारी तीच खोटी किल्ली.

याच्या उलट बाजूची एक ग्रीक गोष्टही आहे, मला ती फार आवडली. सर्सी नावाची जादूगारीण ओडिसियस नावाच्या वीराच्या माणसांना काहीतरी पाजून डुकरं करते, आणि हर्मीस देव त्याला काळ्या मुळाचं, दुधासारख्या फुलाचं एक झाड देतो, मग तिची जादू चालत नाही. १९८३ मध्ये दोन डॉक्टरांनी मांडलं की सर्सीने धोतऱ्याच्या जातीचं काहीतरी दिलं असेल आणि उतारा म्हणजे स्नोड्रॉप नावाचं पांढरं फूल असेल, कारण त्यातलं गॅलँटामिन नेमकं उलट काम करतं, खऱ्या किल्ल्या वाढवतं. सिद्ध होण्यासारखं नाही, पण गॅलँटामिन आज अल्झायमरच्या रोग्यांना देतात हे खरं.

## "पण नैसर्गिकच आहे ना, काय होतंय?"

यावर मला राग येतो म्हणून थोडक्यात. परदेशी ऑनलाइन दुकानांत 'फ्लाइंग ऑइंटमेंट' नावाने बेलाडोना घातलेल्या डब्या विकतात. आपल्याकडे धोतरा महाशिवरात्रीला पिंडीवर असतो, देवाला वाहायचा, खायचा नाही, ज्याने विष पचवलं त्याच्याच डोक्यावर ते ठेवायचं, यात आपल्या पूर्वजांनी सूचना पुरेशी स्पष्ट दिलीय. पान जाळा, बाटलीत दालचिनी भरा, काही होत नाही. पोटात आणि कातडीवर जाणारं काही असेल तर ते झाड नीट ओळखून माहीत असल्याशिवाय नको.

आणि 'चेटकीण' हा शब्द टी-शर्टवर गोड दिसतो, पण सातपुड्यात, नंदुरबारकडे, अजून बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर, काही दिवसांनी वटहुकूम काढून. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली सोसायटीच्या बागेतून पिवळीधम्मक फुलं ओंजळभर घेऊन आली, नव्या बाटलीसाठी. बिट्टीची. पिवळी कण्हेर म्हणतात ती, तिच्या बियांत फॉक्सग्लोव्हसारखंच हृदय थांबवणारं विष असतं आणि आम्ही लहानपणी त्याच बियांनी खेळायचो. मी तिला म्हटलं फुलं बाटलीत घाल, झाकण मेणाने पक्कं बंद कर, साबणाने हात धू, आणि ती बाटली चहा-साखरेच्या डब्यांपासून लांब ठेव.

"हा पण मंत्रच आहे का मावशी?" म्हणाली.

"हात धू आधी."